यॉर्कची संत मार्गारेट क्लिदरो: शँबल्समधलं चॅपल, ऊझ पूल आणि बार कॉन्व्हेंट (आधी कुठे जायचं ते वाचा)

यॉर्कला जाणाऱ्या आपल्या लोकांची लिस्ट ठरलेली असते. मिन्स्टर म्हणजे मोठं कॅथेड्रल, तटबंदी, रेल्वे म्युझियम, शँबल्स या जुन्या अरुंद गल्लीत फोटो आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत. शँबल्सच्या त्या गर्दीत एका दारावर संत मार्गारेट क्लिदरोचं नाव दिसतं, लोक आत डोकावतात, अच्छा चॅपल आहे म्हणतात आणि पुढच्या दुकानात शिरतात. मी मूळची वसईची, आता लीड्सला, घरी पाहुणे आले की यॉर्क होतंच, त्यामुळे या बाईच्या (कॅथलिक फादरांना घरात थारा दिल्याच्या आरोपावरून १५८६ मध्ये जीव गेलेली यॉर्कची खाटकीण) तिन्ही जागांचा रिव्ह्यू एकदाच लिहून टाकते. मार्क आधीच सांगते, शँबल्समधल्या चॅपलला ५ पैकी ३, बार कॉन्व्हेंटला साडेचार, आणि पुलावरच्या पाटीला मार्क काय देणार पण ती चुकवायची नाही. आणि हो, जायचा क्रम उलटा ठेवा. शँबल्स सगळ्यात शेवटी.

कारण सांगते. शँबल्समधल्या त्या खोलीत शिरल्यावर तुम्हाला ती कोण हे आधीपासून माहीत असेल तरच काहीतरी होतं. नसेल तर ती एक छोटी खोली आहे, बाकं, वेदी, तिचा पुतळा, मेणबत्त्या, बस. आणि गंमत म्हणजे ते तिचं घर नाहीच बहुतेक. घरांचे नंबर मध्ये कधीतरी बदलले, त्यामुळे ३५ नंबरला चॅपल झालं आणि तिचं खरं घर समोरच्या बाजूला, आताच्या १० नंबरच्या आसपास असावं असं अभ्यासक म्हणतात. मला त्याचं फारसं दुःख नाही, गल्ली तीच आहे, खाटकांचीच गल्ली होती, दुकानांच्या बाहेर मांस टांगायचे आकडे आणि खालच्या रुंद फळ्या अजून दिसतात, वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आलेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल. फक्त आता त्या आकड्यांखाली जादूच्या छड्या, चट्टेरीपट्टेरी मफलर आणि फज विकतात आणि दुपारी तर पाऊल ठेवायला जागा नसते. चॅपल मात्र फुकट आहे, दानपेटी आहे, आणि आत गेलं की बाहेरचा गलका एकदम कमी होतो, तीन मार्क त्याचेच.

आता बाई कोण. मार्गारेट मिडलटन, जन्म १५५६ च्या आसपास, वडील थॉमस मेणबत्त्यांचे व्यापारी आणि एक वर्ष यॉर्कचे शेरीफ. वडील गेल्यावर आईने दुसरं लग्न केलं, हेन्री मे नावाच्या माणसाशी, हे नाव लक्षात ठेवा, पुढे येतंय. १५७१ मध्ये कोनी स्ट्रीटच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये हिचं लग्न झालं जॉन क्लिदरोशी, शँबल्समधला बऱ्यापैकी पैसेवाला खाटीक, वयाने मोठा, बिजवर. तेव्हा घर प्रोटेस्टंट, सासर प्रोटेस्टंट, सगळं सरळ. लग्नानंतर तीनेक वर्षांनी ही कॅथलिक झाली. नवरा नाही झाला, शेवटपर्यंत नाही, त्याचा सख्खा भाऊ मात्र कॅथलिक फादर झाला, म्हणजे घरातच दोन पार्ट्या. तर सरकारी प्रोटेस्टंट चर्चच्या सर्व्हिसला गेलं नाही की दर रविवारी १२ पेन्स दंड, १५८१ पासून तोच दंड महिन्याला २० पौंड, आणि हिचा दंड भरायचा कोण तर नवरा. तुरुंगात तर ती बऱ्याचदा गेली, एक मूल तुरुंगातच झालं म्हणतात, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ती वाचायला शिकली तीही तुरुंगात. बाहेर खाटकाचं दुकान, मुलं, गिऱ्हाईक, हिशोब, वेळ कुठे होता.

१५८५ मध्ये कायदा आणखी कडक झाला. परदेशात दीक्षा घेतलेला फादर इंग्लंडमध्ये सापडला तर तो राजद्रोह, आणि त्याला घरात थारा देणाऱ्याला मरणाची शिक्षा. हिने थारा देणं थांबवलं नाही. घरात लपायची जागा होती, गुपचूप मिस्सा (कॅथलिक उपासना) व्हायची, मुलांना शिकवायला मास्तर ठेवला होता, आणि ज्या फादरांना नॅव्ह्समायरवर, म्हणजे आज जिथे घोड्यांच्या शर्यती होतात तिथे, फाशी दिलं त्या जागी ही रात्री अनवाणी प्रार्थनेला जायची. हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण तिचे फादर जॉन मश यांनी ती गेल्यावर लगेच तिचं चरित्र लिहिलं. ते तिच्या बाजूचे होते हे धरूनच वाचायचं, पण बारीकसारीक तपशील इतके आहेत की सगळे मनाने रचलेले वाटत नाहीत.

१० मार्च १५८६. नवऱ्याला कौन्सिलसमोर बोलावून घेतलं आणि मागे घराची झडती. मास्तर निसटला. घरात एक परदेशी मुलगा होता, फ्लेमिश, दहा-बारा वर्षांचा, त्याला कपडे काढून छडीचा धाक दाखवला आणि तो बोलला, लपायची खोली दाखवली, मिस्सेची वस्त्रं आणि भांडी सापडली. त्या पोराला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो, दहा-बारा वर्षांचं लेकरू ते, काय करणार.

इथून पुढचा भाग बहुतेक ठिकाणी चुकीचा सांगतात म्हणून जरा थांबते. यॉर्कमध्ये एका वॉकिंग टूरवर (नाव नको) गाइडने ही गोष्ट दोन मिनिटांत उरकली, हट्टी बाई, कोर्टात तोंडच उघडेना, मग दगड ठेवून मारली, चला आता पुढच्या भुताकडे. अहो, हट्टी काय? तिला विचारलं होतं दोषी की निर्दोष. ती म्हणाली मी काही गुन्हाच केला नाही तर खटला कसला. तेव्हाच्या कायद्यात तुम्ही उत्तर दिल्याशिवाय ज्युरीसमोर खटला उभाच राहायचा नाही. आणि खटला उभा राहिला असता तर साक्षीला कोण आलं असतं? तिची स्वतःची मुलं आणि घरातले नोकर. म्हणजे एकतर आईविरुद्ध खरं बोला नाहीतर शपथ घेऊन खोटं बोला. शिवाय ज्युरी म्हणजे शहरातलेच लोक, ओळखीचे, त्यांच्या डोक्यावर तिच्या मरणाचं ओझं. तिने तो सगळा रस्ताच बंद केला. गप्प राहायची किंमत काय ते जजने तिला समजावून सांगितलं होतं, एकदा नाही, परत परत. तरी ती नाहीच म्हणाली. म्हणजे डोकं शांत ठेवून केलेला विचार होता हा, आणि खाटकाच्या गल्लीत रोज हिशोब करणाऱ्या बाईचा होता. मला ती आवडते ती यासाठी, नुसत्या भक्तीसाठी नाही.

कोर्टात तमाशाही झाला. जप्त केलेली मिस्सेची वस्त्रं दोघांनी अंगावर चढवून तिच्यासमोर टिंगल केली. आणि गंमत बघा, तिच्या बाजूने कोर्टात उभा कोण राहिला तर एक कडवा प्युरिटन प्रवचनकार, गाइल्स विगिंग्टन, जो कॅथलिक लोकांच्या पार विरुद्ध. तो जजला म्हणाला की एका लहान मुलाच्या शब्दावर कुणाला मरणाची शिक्षा देता येत नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही. मुख्य जज क्लेंच स्वतः कचरत होते, ती गरोदर असावी असा संशय होता म्हणून त्यांना वेळ काढायचा होता, पण बाकीच्यांना घाई. आणि त्या वर्षी यॉर्कचा लॉर्ड मेयर कोण? हेन्री मे. सावत्र बाप. आपल्याकडच्या सिरियलमध्ये असं दाखवलं तर आपण म्हणू काहीही दाखवतात.

शिक्षा होती दाबून मारायची. उत्तर न देणाऱ्यांसाठीचीच ही शिक्षा, इंग्लंडमध्ये ती १७७२ ला रद्द झाली. २५ मार्च १५८६ ला, शुक्रवारी, ऊझ पुलावरच्या टोलबूथमध्ये तिला नेलं. इंग्लंडने तेव्हा पोपचं नवीन कॅलेंडर घेतलं नव्हतं, नव्या कॅलेंडरने तो दिवस नेमका गुड फ्रायडे येतो. सार्जंटना स्वतःच्या हाताने करवेना म्हणून त्यांनी चार भिकारी पैसे देऊन आणले. पाठीखाली मुठीएवढा टोकदार दगड, हात दोन्हीकडे बांधलेले, वर एक दार (तिच्याच घराचं म्हणतात) आणि त्यावर सातआठ हंड्रेडवेट वजन, म्हणजे साधारण ३५० ते ४०० किलो. पाऊण तास नाही, अर्धा तास नाही, पंधरा मिनिटांत गेली. येशूचं नाव घेत. देह तसाच सहा तास ठेवला. अंगावर घालायचा तागाचा झगा तिने आदल्या रात्री स्वतः शिवला होता. टोपी नवऱ्याला पाठवली, मोजे आणि बूट बारा वर्षांच्या मुलीला, अ‍ॅनला. ती अ‍ॅन पुढे बेल्जियममध्ये लूव्हाँला सिस्टर झाली, मुलगे फादर व्हायच्या वाटेला गेले. नवऱ्याला त्या दिवसांत शहराबाहेर घालवलं होतं. तो म्हणाला होता माझं सगळं घ्या पण तिला वाचवा, इंग्लंडमध्ये तिच्यासारखी बायको नाही आणि तिच्यासारखी कॅथलिक नाही. प्रोटेस्टंट माणूस बोलतोय हे.

तर आता पूल. आजचा ऊझ पूल एकोणिसाव्या शतकातला आहे, जुना पूल, त्यावरची घरं, चॅपल, टोलबूथ, तुरुंग सगळं पाडलेलं. मिकलगेटच्या बाजूला २००८ मध्ये लावलेली पाटी आहे, छोटी आहे, बाजूने बस जातात, हातात कॉफी घेतलेले लोक जातात, कुणी थांबत नाही. पण शँबल्सच्या खोलीत जे नाही ते इथे आहे, जागा खरी आहे. उभं राहा, नदीकडे बघा, दोन मिनिटं पुरे. बघण्यासारखं खरंच काही नाही, माहीत असूनच जा.

बार कॉन्व्हेंट हे मात्र वेळ काढून जायचं ठिकाण. यॉर्क स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटं, मिकलगेट बारच्या म्हणजे शहराच्या दक्षिणेच्या वेशीच्या अगदी बाहेर, ब्लॉसम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. १६८६ ला सुरू झालेलं, इंग्लंडमधलं अजून चालू असलेलं सगळ्यात जुनं कॉन्व्हेंट. म्हणजे मार्गारेटनंतर बरोबर शंभर वर्षांनी, आणि कॅथलिक असणं तेव्हाही बेकायदेशीरच. मुलींसाठी शाळा काढायची म्हणून सर थॉमस गॅस्कॉइन यांनी ४५० पौंड दिले आणि मदर फ्रान्सिस बेडिंगफील्ड यांनी घर घेतलं. सिस्टरांनी त्या काळात सिस्टरांचा पोशाख घातलाच नाही, साधे राखाडी झगे, शेजाऱ्यांना वाटायचं बायका राहतात, शाळा चालवतात. बाहेरून बघाल तर जॉर्जियन काळातली साधी विटांची इमारत, चर्चचं नाव नाही, क्रूस नाही, काही नाही.

आणि आत चॅपल! १७६९ चं, पांढरं-सोनेरी, वर गोल घुमट, आणि तो घुमट बाहेरून दिसू नये म्हणून वर साधं पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर. रस्त्यावरून जाणाऱ्याला शंका यायची सोय नाही. चॅपल आत सरकवून बांधलंय, आठ दारं आहेत, धाड पडली तर सगळ्यांना वेगवेगळ्या वाटेने बाहेर पडता यावं म्हणून, आणि फादरांना लपायला जमिनीखाली जागा. इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सा कायदेशीर झाली १७९१ ला, म्हणजे वीसेक वर्षं हे सगळं गुपचूप. आमच्या वसईत चर्चं आपली गावाच्या मधोमध उंच उभी, घंटा पार शेतापर्यंत ऐकू जाते, तिथून आलेल्या माणसाला हे घुमट लपवणं पचायला वेळ लागतो.

या चॅपलमध्येच मार्गारेटचा हात आहे. हो, खरा हात, काचेखाली ठेवलेला. तिला उकिरड्याजवळ पुरलं होतं, सहा आठवड्यांनी तिच्या लोकांनी शोधून काढलं आणि दुसरीकडे नेऊन पुरलं, ती जागा आज कुणालाच माहीत नाही, मागे राहिला तो एवढा हात. आई वसईहून आली होती तेव्हा तिने तिथे गुडघे टेकून पूर्ण रोझरी म्हटली, माझा हिंदू नवरा तेवढा वेळ शांत उभा होता आणि नंतर म्हणाला, केवढासा हात आहे ग. ज्यांना पवित्र अवशेष वगैरे बघायला जड जातं त्यांनी आधी मनाची तयारी करा, कारण तिथे पडदा नाही, नाटकी लाइट नाही, साधा ठेवलाय. मला तो साधेपणाच आवडला.

एक्झिबिशनला तिकीट आहे, चॅपल त्यात येतं, दर आणि दिवस साइटवर बघून जा. एक्झिबिशनचा मोठा भाग मेरी वॉर्डचा, इथल्या सिस्टरांच्या संस्थेची संस्थापक, १५८५ ची यॉर्कशायरची बाई, मार्गारेट गेली तेव्हा ही एक वर्षाची. मुलींना मुलांसारखं शिकवायचं आणि सिस्टरांनी चार भिंतींच्या बाहेर काम करायचं म्हणाली म्हणून खुद्द रोमने हिची संस्था बंद केली होती, हिला कोंडलं होतं. मार्गारेटला प्रोटेस्टंट सरकारने, मेरीला स्वतःच्याच चर्चने. हे तिथे न लपवता मांडलंय, एक मार्क त्याचाच. आणि इथूनच आपल्या देशाशी धागा जुळतो, याच शाळेत शिकलेल्या टेरेसा बॉल यांनी १८२१ मध्ये आयर्लंडला लोरेटो सुरू केलं, लोरेटोच्या सिस्टर १८४१ मध्ये कलकत्त्याला आल्या, आणि मदर तेरेसा भारतात आल्या त्या लोरेटोच्या सिस्टर म्हणून. आईला हे सांगितल्यावर ती सगळ्या एक्झिबिशनमध्ये दुसरं काही बघेचना.

अर्धा मार्क का कापला तर मार्गारेटच्या खटल्याची कायद्याची बाजू, जी मी वर लिहिली, ती मला तिथे अजून ठळक हवी होती. शूर, पवित्र, प्रेमळ हे सगळं आहे, पण हुशार होती हे कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहा की.

कॅफे आत आहे, काचेच्या छताखाली, जुन्या रंगीत फरश्या, मागे बाग. चहा, स्कोन, सूप असलं साधं. वरती राहायच्या खोल्याही आहेत, कॉन्व्हेंटमध्ये राहायचं म्हणून घाबरू नका, नेहमीच्या गेस्ट हाउससारखंच आहे आणि जागा तर मोक्याची.

दोन गोष्टी मनात येतातच, लिहून टाकते. आमचा गोन्सालो गार्सिया, वसईचा, गासला ज्याचं चर्च आहे तो, मार्गारेटच्याच वयाचा, १५५६-५७ च्या आसपासचा जन्म. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर गेला. एक यॉर्कची खाटकीण, एक वसईचा व्यापारी-मग-ब्रदर, अकरा वर्षांच्या आत दोघं रक्तसाक्षी, तो संत झाला १८६२ ला, ही १९७० ला, पोप पॉल सहावे यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या ज्या चाळीस जणांना संत केलं त्यांतली एक. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला गोन्सालो पाठ होता, ही कधी कुणी सांगितलीच नाही. आणि दुसरी, याच वर्षांत गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय चालू होतं, तिथे त्रास देणारे आमचेच. यॉर्कमध्ये ज्या मिस्सेसाठी बाई मेली तीच मिस्सा न मानणाऱ्यांना तिकडे जाब विचारत होते. हात बघून बाहेर पडताना हे आठवलं नाही तर गोष्ट अर्धीच ऐकली.

बाकी यॉर्क शहराला विकायला गाय फॉक्स सोपा पडतो, तोही इथलाच, मार्गारेट गेली तेव्हा पंधरा वर्षांचा, त्याच्या नावाचा पब आहे, मिन्स्टरच्या जवळच. संसद उडवायला निघालेल्याच्या नावाचा पब आणि कुणाला बोटही न लावलेल्या बाईची बसस्टॉपसारखी दुर्लक्षित पाटी, चालायचंच.

तर सकाळी स्टेशनवरून थेट बार कॉन्व्हेंट, दोन तास धरा, तिथेच खाऊन घ्या, मग मिकलगेटच्या उताराने खाली ऊझ पूल, पुढे कोनी स्ट्रीटवर सेंट मार्टिन (१९४२ च्या बॉम्बिंगमध्ये बरंचसं गेलं, उरलेलं सुंदर राखलंय, त्याच रात्री बार कॉन्व्हेंटवरही बॉम्ब पडून पाच सिस्टर गेल्या), आणि चारनंतर शँबल्स, तेव्हा डे-ट्रिपवाले पांगायला लागलेले असतात. चॅपल बंद व्हायची वेळ मात्र आधी बघून ठेवा. दहाच्या आतली मुलं बरोबर असतील तर दगडांचा भाग घरी सांगू नका, आठ दारांचा सांगा, ती दारं शोधत बसतात आणि तुम्हाला निवांत बघता येतं.